तीन पाण्यांचं घर

आडाच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलंय का? नसेलच सांगितलं, कारण सांगायची गरजच आता उरलेली नाही; पण आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात हे ज्ञान पाढ्यांच्याही आधी यायचं. डाळीला नळाचं पाणी, चहाला नळाचंच. कपड्यांना हौदाचं, कारण आडाच्या जड पाण्यात साबण कितीही घासला तरी फेस म्हणून धरत नाही, नुसती पांढुरकी साय तरंगत राहते. आणि आंघोळ, सडा, तुळस, मोरी, खरकट्या भांड्यांचं पहिलं विसळण हे सगळं आडाचं. मोरीच्या कट्ट्यावर पितळी हंडा, त्याच्या शेजारी लोखंडी बादली आणि खाली भिंतीला लागून दगडी डोण, अशी तिन्ही पाणी आपापल्या जागी बसलेली असायची आणि अंधारातही हात बरोबर हव्या त्या भांड्याकडे जायचा. नव्यानं लग्न होऊन आलेल्या काकूनं एकदा डाळ धुतली ती धुतली आणि तशीच डोणीतल्या पाण्यात शिजायला ठेवली, तेव्हा पानावर बसलेले आजोबा भातावरची टणक डाळ बोटानं बाजूला करत एवढंच म्हणाले, "आज आडाची आमटी वाटतं." काकू ते वाक्य पुढे पन्नास वर्षं सांगत होती, दर वेळी लाजून.

वाडा दोन चौकांचा. पुढच्या चौकात हौद, मागच्या चौकात आड आणि दोन्ही चौकांना जोडणाऱ्या बोळात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक नळ. आता वाटतं, पुण्याचा सगळा इतिहासच आमच्या उंबऱ्याच्या आत नांदत होता. पण तेव्हा इतिहास कुणाच्या मनात असणार? तेव्हा मनात असायचं ते एवढंच, की हौदाच्या काठावर पाय सोडून बसलं तर आई ओरडते आणि आडात डोकावलं तर आत्या.

हौदाचं पाणी कात्रजहून यायचं. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या आगेमागे कात्रजच्या डोंगराखाली तलाव बांधून घेतले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी-विटांची भुयारी वाट बांधली. माणूस आतून चालत जाईल एवढी मोठी. पंप नाही, यंत्र नाही, नुसता उतार. पाणी आपल्या वजनानं, अंधारातून, सावकाश गावात यायचं, वाटेत ठिकठिकाणी थांबून गाळ खाली टाकायचं, जागोजागी बांधलेल्या उच्छ्वासांतून कोंडलेली हवा बाहेर सोडायचं आणि एक हौद भरला की पुढच्याकडे निघायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, पंचहौद, ही नावं आमच्या लहानपणी पत्ते होती, पाण्याशी त्यांचा संबंध असेल असं डोक्यातही येत नसे. पेशव्यांचं पाहून नाना फडणविसांनी सदाशिव पेठेसाठी आंबेगावाहून वेगळं पाणी आणलं. आमच्या वाड्याच्या कुणा मूळ मालकानं अशाच एका वाटेची बारीकशी फांदी आपल्या चौकात घेतली असणार. ती कुठून येते आणि कुठे जाते हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. हौदाच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या पातळीच्या थोडं वर, दगडात एक भोक होतं आणि त्यातून मनगटाएवढी धार रात्रंदिवस पडत असायची, उन्हाळ्यात करंगळीएवढी. झोप यायच्या आधी शेवटचा कानावर पडणारा आवाज तो. मला अजूनही पूर्ण शांततेत झोप लागत नाही, डॉक्टर वयाचं कारण सांगतात, मी त्यांना हौदाचं कारण सांगत बसत नाही.

नळाचं घराणं वेगळं. ते खडकवासल्याचं. कॅप्टन फाईफ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं मुठेवर दगडी धरण आखलं, ते 1879 साली पुरं झालं, धरणाच्या जलाशयाला साहेबलोक 'लेक फाईफ' म्हणत, आणि त्या पाण्याबरोबर पुण्यात तोटी आली. तोटी आली आणि वाद आला, कारण तोटीच्या पोटात चामड्याचा वायसर. सोवळ्यातल्या माणसांनी चामड्याला शिवून आलेलं पाणी प्यायचं कसं? शहरातल्या बहुतेकांनी हा प्रश्न एकदोन पिढ्यांत गिळून टाकला. आमच्या आत्यानं नाही.

आत्या म्हणजे खरं तर वडिलांची आत्या, लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली, आलवणातली, मागच्या चौकातल्या खोलीत राहणारी. तिनं आयुष्यभर नळाचं पाणी तोंडात घेतलं नाही. आडाचं पाणी शेंदायची, दुहेरी फडक्यातून गाळायची, निवळीची बी भांड्याच्या आतून उगाळून फिरवायची आणि रात्रभर स्थिर ठेवलेलं ते पाणी सकाळी वरच्या वर, तळ न हलवता, तांब्याच्या कळशीत ओतून घ्यायची. तिची डाळ शिजायची कशी, असं तुम्ही विचाराल. मुगाची करायची. तूर तिच्या चुलीवर चढत नसे, आणि त्याबद्दल तिची तक्रारही नसे.

आडाचा कारभार तिच्याकडे होता. मालकी अर्थातच वाडामालकांची, पण रहाटाच्या दांड्याला एरंडेल कधी घालायचं, काथ्याचा दोर कधी बदलायचा, पाऊस लागला की आडाच्या तोंडावर पत्रा कधी ओढायचा, हे ती ठरवायची. त्या दोराला तिनं लाल चिंध्या गुंफून दोन गाठी मारल्या होत्या, वरच्या पाण्याची ती वरची, खालच्या पाण्याची ती खालची. पोहरा पाण्याला टेकताना वरची गाठ हातात आली तर तो श्रावण, आणि खालची गाठ हातात आली तर वैशाख संपत आला. मधल्या सगळ्या महिन्यांचं पाणी त्या दोन गाठींच्या मधे हलत असे. कॅलेंडर भिंतीवर होतं, पण आत्या गाठी बघायची आणि अंगणात कुणी मोकळ्या हातानं पाणी उडवताना दिसलं की खालच्या गाठीकडे बोट दाखवायची.

शेंदायला शिकणं ही त्या वाड्यातली पहिली मोठ्यांची गोष्ट. पोहरा सोडायचा तो हळू, भिंतीवर आपटू द्यायचा नाही, पाण्याला टेकल्याचा 'डुबुक' असा आवाज येईपर्यंत दोर सैल, मग एक बारीकसा हिसडा, ज्यानं पोहरा कलंडतो आणि पाणी पितो, आणि मग एकदम हाताला लागणारं ते वजन. ते वजन मला अजून तळहातात आठवतं. वर येताना सांध्यांतल्या नेच्याची पानं ओली होत, पारवे फडफडून निघून जात, रहाट कुरकुरे आणि खालून वर चढत जाणारा एक वास येई: ओल्या काथ्याचा, चुन्याचा, कधीही ऊन न पाहिलेल्या दगडाचा. थंडीत त्या पाण्यातून वाफ निघायची. पौषातल्या पहाटे नळाचं पाणी हाताला चावायचं आणि आडाचं कोमट लागायचं. वैशाखात बरोबर उलट, आडाचा एक तांब्या पाठीवर पडला की श्वास अडकायचा. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला असतं, बदलतो तो वरचा ऋतू, हे मला कॉलेजात कळलं. कळून त्या वाफेची मजा कमी झाली नाही, एवढं खरं.

पोहरा पडायचाही. दोर तुटला किंवा गाठ सुटली की सगळ्या वाड्यात बातमी जायची, मग वाड्यातलाच कुणीतरी गळ घेऊन यायचा, चार आकड्यांचा लोखंडी, आणि पुरुषमंडळी काठावर ओणवी होऊन अंधारात चाचपडत बसायची. गळाला पोहऱ्याच्या आधी भलतंच काही लागायचं: कुणाचं फुलपात्र, कुणाची दोन वर्षांपूर्वीची बादली, एकदा तर आडातलं म्हातारं कासवच, जे पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून कुणी सोडलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं. त्याला पुन्हा मानानं खाली सोडलं.

नळ पहाटे यायचा. आधी एक खोकला, मग हवेचा लांब सुस्कारा, मग दोन पिचकाऱ्या तांबूस पाण्याच्या, आणि मग एकदम पांढरी, कडक, औषधाचा वास असलेली धार. ज्या बिऱ्हाडाची खोली बोळालगत त्या बिऱ्हाडातल्या वहिनी "आलं गं" अशी हाक द्यायच्या आणि अर्धा वाडा झोपेतच हंडे-कळश्यांच्या रांगेत उभा राहायचा. भांडणं तिथली, प्रेमप्रकरणंही तिथलीच, पण ते पुन्हा कधीतरी. सांगायचं होतं ते असं, की नळाच्या रांगेत भांडण विकोपाला जात नसे, कारण कुणी फारच हटून बसलं तर समोरची बाई कळशी उचलून सरळ हौदावर जायची. नळ एक दिवस आला नाही तर बायका चुकचुकायच्या, डाळीऐवजी पिठलं व्हायचं. त्यापलीकडे काही घडत नसे. आजच्यासारखा फोनाफोनीचा कल्लोळ कधी ऐकला नाही.

वर्षातून एकदा हौद उपसायचा. मृगाच्या आधी, दगडातली धार अगदी बारीक झालेली असे तेव्हा. त्या दिवशी धारेच्या भोकाला चिंध्यांचा बोळा मारायचा, सगळ्या बिऱ्हाडांतले पुरुष धोतरं खोचून उतरायचे, बादल्यांची साखळी लागायची आणि दुपारपर्यंत हौदाच्या तळाशी काळा, लोण्यासारखा मऊ गाळ उघडा पडायचा. त्याचा वास! तुम्ही नाक मुरडाल, पण मला तो वास आला तर मी अजून रस्त्यात थांबेन: शेवाळाचा, गंजाचा, कुजलेल्या बुचाच्या फुलांचा, आणि त्या सगळ्याच्या खालून येणारा डोंगरातल्या मातीचा. आम्ही मुलं घोट्यापर्यंत त्यात. वर्षभर हरवलेलं सगळं त्या दिवशी सापडायचं, गोट्या, भोवरे, चमचे, पेनाचं टोपण, कुणाच्या तरी मंगळागौरीतलं जोडवं. सापडलेलं सगळं सुपात ठेवून सूप बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून फिरायचं आणि ज्याचं त्यानं ओळखून घ्यायचं. मग तळ काथ्यानं घासायचा, चुना मारायचा, गाळ परसातल्या झाडांना घालायचा आणि बोळा काढायचा. पहिली धार कोरड्या दगडावर पडायची तो आवाज वेगळा असायचा, पोकळ, मोठा; संध्याकाळपर्यंत तो हळूहळू खाली, पाण्यात, उतरत जायचा. तेवढ्या दिवसापुरतं वाड्यात कुणी कुणाशी अबोला धरत नसे.

हे सगळं सोनेरी नव्हतं, तेही तुम्हाला सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला म्हातारपणी भूतकाळाला लोणी लावणारी म्हणाल. आडाच्या पलीकडे, भिंतीला भिंत लागून, संडास होते. जमिनीखाली काय कशात मिसळत होतं ते देवाला ठाऊक. उलटी-जुलाबांची साथ आली की कॉर्पोरेशनची माणसं येऊन आडात जांभळी पूड टाकून जायची आणि दोन दिवस पोहऱ्यातून गुलाबी पाणी वर यायचं. आम्हाला तो सण वाटायचा, आईच्या कपाळावर आठी असायची. पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरायचा, माणसाच्या पायातून हातभर लांब जंत काडीवर गुंडाळून काढतात हे आम्ही डोळे विस्फारून ऐकलेलं होतं. उघड्या पाण्यावर डास, म्हणून हौदात गप्पी मासे.

आणि जात. आमच्या वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, गंज पेठेत, जोतिराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला होता. फरासखान्यापाशी बाहुलीचा हौद, जोतिरावांचे सहकारी डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी आपल्या वारलेल्या लहानग्या मुलीच्या आठवणीसाठी बांधलेला, तोही सगळ्यांना मोकळा. बापानं लेकीसाठी देऊळ बांधलं नाही, समाधी बांधली नाही, पाणी ठेवलं. तिथून जाताना मला नेहमी वाटतं की दुःखाला एवढं मोठं करता यायला हवं. पण त्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनीसुद्धा आमच्या वाड्यात झाडायला येणाऱ्या बाईला हौदाला हात लावायची मुभा नव्हती. ती घडा घेऊन चौकाच्या कडेला उभी राहायची आणि कुणीतरी वरून ओतायचं. उंचावरून पडणाऱ्या त्या धारेचा आवाज दगडातल्या धारेपेक्षा निराळा होता, आणि तोही मला आठवतो. आठवायचं नाही असं ठरवून चालत नाही. रस्त्यावरच्या सरकारी नळाची तोटी मात्र ती आपल्या हातानं पिळायची. नळाचं हे देणं मी कधी विसरत नाही, हौदाची कितीही आठवण आली तरी.

1961 च्या जुलैतली 12 तारीख पुण्यात कुणाला सांगावी लागत नाही. पानशेतचं नवं मातीचं धरण सकाळी फुटलं, दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि पानशेतच्या त्या लोंढ्यानं खाली खडकवासल्याचंही धरण फोडलं. आमचा वाडा उंचावर, पाणी आमच्या दारापर्यंत आलं नाही. पण त्या रात्री दिवे नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नळ खोकला नाही. गावभर पाणी आणि पिण्याला थेंब नाही, असे ते दिवस. ज्या तलावातून नळाला पाणी यायचं तो तलावच रिकामा झाला होता, हे मोठ्यांना संध्याकाळपर्यंत कळलं. आम्हाला कळली ती वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत येणारी माणसं.

ती खालच्या पेठांतून आली होती. चिखलानं माखलेले पाय, हातात मिळेल ते भांडं, कुणाच्या हातात नुसता पुडीचा डबा. त्यांच्या कपड्यांना, केसांना एक वास होता, नदीचा नव्हे, घरांचा: भिजून आंबलेल्या धान्याचा, ओल्या पुस्तकांचा, रॉकेलचा. पुढे कितीतरी आठवडे सगळ्या गावाला तो वास होता. रहाट त्या दिवसांत थांबलाच नाही. दिवसा पुरुषांनी ओढायचा, रात्री कंदिलाच्या उजेडात बायकांनी, आणि दर थोड्या वेळानं आत्या काठावर येऊन दोराकडे बघायची. ऐन पावसाळा असल्यानं आड तुडुंब होता, वरच्या गाठीच्याही वर. एवढा उपसूनही तो खाली जाईना. आत्यानं त्या दिवसांत स्वतः पोहरा धरला आणि समोर जे भांडं येईल त्यात ओतत राहिली, कोण, कुठले, कुणाचे, हे न विचारता. भांड्याला पोहरा टेकवून ओतत होती, वरून नव्हे. मी ते पाहिलं आहे. नळ पूर्ववत व्हायला लागला, माणसं यायची थांबली, आणि मग आत्यानं आड शुद्ध करून घेतला, दोर बदलला, नव्या दोराला पुन्हा लाल गाठी मारल्या आणि आपला पोहरा पुन्हा वेगळा टांगला. या दोन्ही गोष्टी एकाच बाईनं केल्या. मी त्यांची बेरीज करायचा प्रयत्न कधीच सोडून दिला आहे.

त्या पावसाळ्यानंतर आणखी पंचवीसेक वर्षं वाडा उभा होता, पण तिन्ही पाण्यांची सोबत मोडत गेली ती अशी हळूच, की नेमकं कधी, ते सांगता येणार नाही. वाड्यात खोलीखोलीत नळ आले. आले ते चांगलंच झालं, आईचे गुडघे वाचले. घरात तोटी आल्यावर हौदावर कोण जाणार? एका वर्षी हौद उपसायचा राहिला, मग दुसऱ्या वर्षी राहिला, मग दगडातली धार बारीक होत होत एका उन्हाळ्यात बंद पडली आणि पावसाळ्यात पुन्हा सुरू झाली नाही. वर कुठेतरी कुणीतरी पाया खणताना ती फांदी तोडली असेल, किंवा गाळानं भरली असेल. ती बंद पडल्याचं आमच्यापैकी कुणाच्या लगेच लक्षातही आलं नाही. रात्री काहीतरी चुकतंय, झोप नीट लागत नाही, एवढंच वाटत होतं. आत्या तोवर गेली होती. तिच्या मागे आडावर पत्रा बसला, पत्र्यावर कुंड्या, कुंड्यांमागे सायकली.

मग वाडा पाडला. विकसकानं कागदांवर सह्या घेतल्या, आम्ही तात्पुरते दुसरीकडे राहायला गेलो, आणि मी एकदा बघायला गेले तेव्हा आडात वाड्याचाच राडारोडा भरणं चाललं होतं: विटा, चुना, तुळयांचे तुकडे, माजघरातल्या कोनाड्यासकट एक अख्खी भिंत. टोपलीभर माल आत पडला की आधी काही ऐकू येत नसे आणि मग खालून, उशिरानं, ओला आवाज यायचा. दुपारपर्यंत तो आवाज कोरडा झाला. हौद फोडलाही नाही, नुसता बुजवला. आता त्यावर चार गाड्या उभ्या राहतात. आडाच्या जागेपासून दहा पावलांवर नव्या इमारतीसाठी बोअर मारली. आड जिथं पाणी दाखवायचा त्याच्या कितीतरी खाली यंत्र गेलं, काळ्या दगडाचा पांढरा भुगा उडत राहिला, तेव्हा कुठे ओल लागली. आमच्याकडच्या काळ्या कातळात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि फटींमध्ये. पावसाचं, गळक्या नळाचं, वाहत्या हौदाचं, सगळं त्या मुरमात मुरायचं आणि आडात उतरायचं. खडकवासल्याचं पाणी असं आमच्या आडातही येत असणार, आत्याच्या नकळत, वायसराला शिवून. तिला हे कुणी सांगितलं नाही, बरं झालं.

आता पुण्याला वर चार धरणं आहेत, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारांत मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी मावतं, आणि एप्रिलात रोज पेपरात त्यातलं किती उरलं ते छापून येतं. कात्रजचा तलाव आता प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खणकाम चालू असताना जमिनीखाली जुनी पाण्याची भुयारी वाट लागली, लोक फोटो काढायला जमले. मुलगा मला विचारत होता, नेऊ का बघायला? मी नाही गेले. उघडी पडलेली, कोरडी, दिव्यांच्या उजेडातली ती वाट बघून मला काय मिळणार होतं? ती ऐकायची गोष्ट होती.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या सभेला एक तरुण इंजिनिअर आला होता. पाणी एकाच ठिकाणाहून आणायचं हे शहराला यापुढे झेपणार नाही, धरणाचं पाणी स्वयंपाकाला आणि पिण्याला ठेवा, गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत जिरवा, बोअरचं आणि शुद्ध केलेलं सांडपाणी फ्लशला नि बागेला वापरा, त्यासाठी इमारतीत दोन वेगळ्या नळवाटा टाका, असं तो मन लावून समजावत होता. पडद्यावरच्या आकृतीत निळ्या, हिरव्या आणि करड्या अशा तीन रेषा. बरोबरच होतं त्याचं, मी हात वर करून मतही दिलं. फक्त त्या आकृतीत मोरी नव्हती. तिन्ही रेषा भिंतीच्या आतून जात होत्या, म्हणजे कुठलं पाणी कुठलं ते नळवाटांना कळणार, माणसांना कळायची गरज नाही. हंडा, बादली, डोण, कुणाचं काही काम नाही. खर्चाचा आकडा आला तशी सभा गडबडली, टँकरचा भाव काय झालाय यावर दोघं जोरात बोलायला लागले, आणि कुणीतरी चहा आणायला गेलं.

चहा होईपर्यंत तो मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की या काकू मूळच्या वाड्यातल्या. पाणी जिरवायचा खड्डा कुठे घ्यायचा हे ठरवायला त्याला जुन्या पातळ्या हव्या होत्या. "काकू, तुमच्या विहिरीला मे महिन्यात किती फुटांवर पाणी असायचं, काही आठवतं का?"

म्हटलं, बाबा, फूट आम्ही मोजले नाहीत. दोराला दोन गाठी होत्या, अक्षय्यतृतीया झाली की खालची गाठ हातात यायची, आणि त्याच्याही खाली गेलेली मी फक्त एकदा पाहिली, 1972 च्या दुष्काळात. तो थांबला, मग विचारलं, "आणि दोर केवढा होता?" मी उठून उभी राहिले, आत्या नवा दोर मापायची तसे दोन्ही हात आडवे पसरले आणि एक वाव, दोन वाव, असं त्याला हवेत मोजून दाखवायला लागले, समोरच्या खुर्चीतल्या बाई बघत राहिल्या. आत्याचे हात माझ्याहून आखूड होते की लांब, यावर मी जरा अडले. त्यानं वहीत 'अंदाजे 25 ते 30 फूट' असं लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि मला विचारलं, साखर चालते ना.